हुकमी डोळा

१

विजयसिंह सर अंगणातल्या फरशीवर पालथे पडले होते आणि त्यांच्या एकाच पायात पायताण होतं. दुसरा पाय उघडा. शिफाची नजर त्या उघड्या पायावर जाऊन बसली, ती हलायलाच तयार नव्हती. डोक्याखालून फरशीवर जे पसरत चाललं होतं, तिकडं बघायची तिची छातीच होईना.

सर आणि अनवाणी! हा माणूस राष्ट्रीय स्पर्धेतसुद्धा करकर वाजणारं चामडी कापशी पायताण घालून मिरवायचा. सुटाबुटातले पंच नाकं मुरडायचे, तर सर मुद्दाम दोनदा त्यांच्या पुढ्यातून जायचे. पायताणाचा अंगठा, म्हणजे अंगठ्याभोवतीचा पट्टा, असा घट्ट करून घेतलेला, की काढताना त्यांना स्वतःला खाली बसून दोन्ही हात लावावे लागत. ते आपोआप निसटेल? छे! पण त्या घडीला शिफाला हे कुठलं सुचायला.

"शिफा! काय झालं गं?" मागून सम्राट धावत आला. सम्राट म्हणजे सरांचा सख्खा भाचा, नेमबाजीच्या क्लबातला त्यांचा उजवा हात. उजव्या डोळ्यावरची पट्टी कपाळावर ढकलत तो सरांजवळ गुडघ्यावर बसला. "मामा, मामा" म्हणून हाका मारल्या, नाकाशी बोटं धरून बघितली आणि शिफाकडं वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी शेजारच्याच लेनमधे हुतो की! कानात बोळे घातलेले, कायबी ऐकलं न्हाई."

दुपारचं ऊन डोक्यावर होतं आणि शिफाला हुडहुडी भरली होती. दातावर दात वाजत होते. त्यातच नको ते तोंडातून निघून गेलं. "भाई... वर कामिलभाई हुता."

सम्राटनं मान वर केली. दुमजली इमारतीची चिमुकली गच्ची रिकामी होती. तो अगदी जवळ येऊन बोलला.

"कामिल? तुझा भाऊ? तू बघितलंस?"

तिनं मान डोलावली.

"ऐक माझं. तू कायबी बघितलं न्हाईस. तू तुझ्या लेनमधे, मी माझ्या लेनमधे, दोघंबी नेम धरून उभं. पोलिसांनी इचारलं तर एवढंच सांगायचं. कामिलचं नाव मी मेलो तरी घेणार न्हाई. पण तूबी माझा शब्द खाली पाडायचा न्हाई. काय?"

शिफानं त्याचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडली. केवढा हा देवमाणूस, असं तिला वाटलं.

२

क्लब होता उद्यमनगराच्या मागं, लेथच्या जुन्या कारखान्यात. पुढच्या लांबलचक शेडमधे एअर रायफलनं नेम धरायच्या लेन, मग पिस्तुलवाल्यांचं पंचवीस मीटरचं अंगण, आणि अंगणापलीकडं सर राहायचे ती इमारत. शिफाच्या लेनला खिडकी होती. खिडकीतून सरांची गच्ची समोर दिसायची. रविवारी राज्याची निवड चाचणी होती, म्हणून त्या दुपारी बाकीच्यांना सुट्टी देऊन सरांनी तिला एकटीला बोलावलं होतं.

एकटीला, कारण तिचा नेम बिघडला होता. महिनाभर गोळी सारखी उजवीकडं जात होती. काही केल्या मधे बसेना. रोज ती रडत घरी जायची. आदल्या दिवशी तर कामिल तावातावानं क्लबात येऊन सरांना वाट्टेल ते बोलून गेला होता. "माझ्या बहिणीला परत रडवलंसा तर बघा मग!" अख्ख्या क्लबानं ते ऐकलं होतं.

सरांनी त्याला उलट एक शब्द सुनावला नव्हता. तो गेल्यावर शिफाच्या डोक्यात टपली मारून म्हणाले होते, "तुझा डोळा ठणठणीत हाय, पोरी. हुकमी डोळा कधी खोटं बोलत न्हाई. तुझी बंदूक खोटं बोलतीय. तिला हे कोण शिकवतंय ते उद्या बघतो."

हुकमी डोळा हा सरांचा खास शब्द. शिफा पहिल्यांदा क्लबात आली, तेव्हा तिचा एकही नेम धड लागत नव्हता. सरांनी तिला दोन्ही पंजांची खिडकी करायला लावली आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. "आता एकेक डोळा मीट." उजवा मिटला तर घड्याळ जागच्या जागी. डावा मिटला की मात्र टुणकन खिडकीबाहेर. "हात्तिच्या! तुझा डावा हुकमी हाय की गं! पत्त्यात हुकूम असतो का न्हाई, तसा. दोघांत मेंदू ज्याचं ऐकतो, तो हुकमी." त्या दिवशी सरांनी बंदूक तिच्या डाव्या खांद्याला दिली, उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि शिफाचं नशीबच पालटलं. क्लबात बाकी झाडून सगळे उजव्या डोळ्याचे. पोरं तिला 'डावरी' म्हणून चिडवायची, आणि तिला ते आवडायचंसुद्धा.

तर त्या दुपारी ती दोन नेमांच्या मधे उभी होती. पट्टी डोळ्यावर तशीच, कानात बोळे, मान जराही न हलवता, श्वास आवरून. सहज खिडकीतून नजर वर गेली. सर गच्चीच्या कठड्याशी उभे होते. तोंड तिच्याकडं. त्यांच्या खांद्याला खांदा लावून पिवळ्या टी-शर्टमधला कामिल. सर कठड्यावरून पुढं वाकले, त्यांनी तोंड उघडलं. तिलाच काहीतरी म्हणत होते. तेवढ्यात कामिलचा हात लांब झाला, सरांच्या पाठीमागं गेला, आणि सर उलटे होऊन खाली आले.

ती किती वेळ तशीच थिजून उभी होती, अल्ला जाणे. मग धावली होती.

एका डोळ्यानं बघितलं होतं खरं. पण तो तिचा हुकमी डोळा होता, कधी खोटं न बोलणारा.

संध्याकाळी बागवान गल्लीतल्या घरात अम्मीनं जेवायला वाढलं तेव्हा कामिल न्हाणीत बसून पिवळा टी-शर्ट धूत होता. जन्मात ह्या माणसानं स्वतःचा रुमाल धुतला नव्हता.

"सर कसं काय पडलं गं?" बाहेर येत त्यानं विचारलं. नजर खाली.

"मला काय म्हाईत," शिफा म्हणाली.

"तू कुठं हुतास आज?" अम्मीनं त्याला विचारलं.

"पेठ वडगावला. सोलर बसवायचा हुता एकाचा."

खोटं! कामिलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि नेहमीसारखा तिच्यापुढं धरला. लहानपणापासून पहिला घास बहिणीला द्यायची त्याची सवय. शिफानं त्या हाताकडं बघितलं आणि ती अशी मागं सरली की तिची पाठ भिंतीवर आपटली.

कामिल बघतच राहिला. मग त्यानं तो तुकडा गुपचूप स्वतःच्या ताटात ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. पोलीस निरीक्षक वर्षाराणी खराडे आत आल्या. बाई चंदगडकडच्या, अंगानं आडव्या, बोलायला फटकळ. आल्या आल्या त्यांनी अम्मीकडं चहा मागितला आणि कुणी बसा म्हणायच्या आत बसल्या.

सम्राट आधीच येऊन बसलेला होता. 'पोरीला धीर द्यायला आलोय' म्हणत होता. तो अम्मीशी बोलायचा आणि बघायचा शिफाकडं. काल देवमाणूस वाटलेल्या त्या माणसाची नजर आज ती चुकवत होती.

"तू सांग बघू आधी," बाई त्याला म्हणाल्या. "मामा पडले तवा कुठं हुतास?"

"हिच्या शेजारच्या लेनमधे, मॅडम. ही अंगणात धावताना दिसली, तसाच मागं धावलो. डोळ्यावरची पट्टीसुदिक काढायचं भान न्हवतं. हिनं बघितलंय की. व्हय का न्हाई गं?"

"व्हय," शिफा म्हणाली. निदान एवढं तरी खरं होतं, म्हणून तिला बरं वाटलं.

"गोळ्या मारताना बघितलंस ह्याला?"

लेनच्या मधे फळ्या होत्या. तिनं कुणालाच बघितलं नव्हतं. "व्हय. म्हंजे... हुते तिथं."

बाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि भुरका मारला. "एक गंमत सांगू का? सरांचं दुसरं पायताण वर गच्चीतच सापडलं. कठड्याच्या आतल्या अंगाला. अंगठा पार तुटून आलाय. तोल गेलेला, न्हाईतर पाठीत ढकललेला माणूस पायताणासकट खाली जातो. मग हे वर कसं राहिलं?"

सम्राट उठून पाणी प्यायला गेला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी नुसतं "बरं, बरं" केलं, फोन ठेवला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या कामिलकडं वळल्या.

"काय रे, वडगावला कधी गेलतास तू? सरांच्या इमारतीमागं बोळ हाय, बोळापलीकडं लॉज हाय. लॉजचा मॅनेजर सांगतोय, तू दुपारी त्यांच्या गच्चीवर सोलरचं काम करत हुतास आणि पाने-पक्कड तिथंच टाकून पळालास."

कामिलच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, कुराणाची शपथ! मी लॉजच्याच गच्चीवर हुतो. पाइपला नट लावत हुतो, बाजूला पाण्याची मोटार घरघरत हुती. धप्पकन आवाज झाला, नट पिळून झाल्यावर टाकीवर चढून बघितलं तर पल्याड अंगणात सर! आदल्या दिवशीच भांडलो हुतो त्यांच्याशी. माझ्यावरच येणार म्हणून भ्यालो आणि पळालो."

"बोळ केवढासा. तुझ्यासारखा उंचापुरा गडी एका उडीत ह्या गच्चीवरनं त्या गच्चीवर येईल. लॉजच्याच गच्चीवर हुतास, हे बघितलं कुणी?"

कामिल सगळ्यांच्या तोंडाकडं बघत सुटला. शिफाच्या तोंडाकडंसुद्धा. तिनं मान खाली घातली. बघणारी ती एकटीच होती, आणि तिनं त्याला लॉजवर नव्हे, सरांच्या पाठीशी बघितलं होतं.

"चल," बाई म्हणाल्या, आणि कामिलला जीपमधे बसवून घेऊन गेल्या.

जाता जाता सम्राट दारात शिफाच्या कानाशी वाकला. "आता तू तोंड उघडलंस, तर तुझ्या भावाला फासावर चढवणारी तूच. ध्यानात ठेव."

४

अम्मी रात्रभर नमाजाच्या चटईवर, जानमाजवर, दुआ मागत बसून होती आणि शिफा अम्मीच्या पाठीला चिकटून. भीती ती किती प्रकारची असावी! भावाची भीती, भावासाठी भीती, त्या सम्राटची भीती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याच डोळ्याची. सकाळी ती कुणाला न सांगता पोलीस ठाण्यात गेली.

"मॅडम, त्याला सोडा," ती म्हणाली. "भाई असलं करणार न्हाई."

"हे सांगायला आलीस?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "काल तुझ्याकडंच बघत हुते मी. मी म्हटलं, 'हे बघितलं कुणी?' भावानं तुझ्याकडं बघितलं आणि तू मान खाली घातलीस. बहीण असं कधी करती? तिनं कायतरी बघितलं असंल तवा. बोल."

शिफाचा बांध फुटला. "त्याचाच हात हुता, मॅडम! सरांच्या पाठीत. मी बघितलं. माझ्या हुकमी डोळ्यानं बघितलं!" आणि ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. झालं. बोलून गेली. भावाला स्वतःच्या तोंडानं मारून बसली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. पट्टीचं, बोळ्यांचं, सम्राट धावत कसा आला त्याचं, आणि त्यानं काय दम दिला तेही. मधेच त्यांनी विचारलं, "कामिलचा पंजा दिसला का तुला?"

"न्हाई. पंजा सरांच्या खांद्याआड हुता."

"आणि दोघांची डोकी?"

"बरोबरीला. खांद्याला खांदा."

"बरोबरीला? नीट आठव."

"एका रेषेत हुती, मॅडम."

बाई उठल्या, कोठडीजवळ गेल्या आणि ओरडल्या, "कामिल, उभा ऱ्हा!" कामिल उभा राहिला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा. बाई परत आल्या. "तुझे सर माझ्याएवढे. कामिलच्या खांद्याला लागायचे. तो खरंच त्यांच्या शेजारी उभा असता, तर मुंडकंभर वर दिसला असता. बरोबरीला कसा दिसला?"

शिफाचं रडणं थांबलं.

"झाक बघू उजवा डोळा," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन आडवं धरलं. "बोट बाजूनं आण आणि पेनच्या टोकाला टोक लाव. झटक्यात."

शिफानं बोट नेलं. ते पेनच्या पुढून हवेत निघून गेलं. परत नेलं. या वेळी मागून गेलं. राज्य पातळीची नेमबाज पोरगी, आणि वीतभरावरचं पेन सापडेना!

"आता दोन्ही उघड."

पहिल्याच फटक्याला टोकाला टोक भिडलं.

"माझ्या आईचा एक डोळा अधू," बाई सांगू लागल्या. "त्याच अधू डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधली. आम्ही म्हटलं, काय बिघडतंय? कामाचा डोळा तर उघडा हाय. तर म्हातारी चहा कपाच्या बाहेर ओताय लागली! डॉक्टर म्हणाले, हुकमी असला तरी एकटा डोळा दिशा सांगतो, कुठल्या रेषेत ते सांगतो. किती लांब, हे सांगायला दोन लागतात. दोघं दोन जागांवरनं बघतात, त्या दोन चित्रांतल्या फरकावरनं मेंदू अंतर काढतो. मग त्यात हुकमी कुठला आणि बिनहुकमी कुठला, ह्याला किंमत न्हाई. जोडीतला एक गेला की तो हिशोबच मोडला."

"म्हंजे माझा डोळा खोटं बोलला?"

"खोटं कशाला बोलंल? कामिल सरांच्या रेषेत हुता, हे खरंच हाय. पण कुठं हुता, ते त्याला एकट्याला ठाऊकच न्हवतं. मी म्हणतीय म्हणून ऐकू नको. तुझं तू बघ. चल."

५

शिफा आपल्या लेनमधे उभी राहिली. उजव्या डोळ्यावर पट्टी. मागं वर्षाराणी बाई, आणि त्यांच्यामागं बोलावून आणलेला सम्राट, हाताची घडी घालून.

अंगणापलीकडच्या गच्चीत सरांच्या उंचीचा एक हवालदार कठड्याशी उभा राहिला. बाईंनी फोनवर कुणालातरी "हां" म्हटलं.

आणि हवालदाराच्या खांद्याला खांदा लावून पिवळ्या टी-शर्टमधला कामिल उगवला! तोच हात लांब झाला, तसाच, हवालदाराच्या पाठीमागं गेला. शिफाच्या तोंडून किंकाळी फुटली.

"तोच! मॅडम, तोच हात! ढकलतोय बघा त्याला!"

"डोकं हलवू नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिची पट्टी वर उचलली.

कामिल मागं सरकला. तसूभरही हलला नव्हता तो, पण शिफाच्या डोळ्यांदेखत सरकला. हवालदार पुढं राहिला, गच्ची संपली, मधे बोळाएवढी जागा मोकळी झाली, आणि कामिल त्या पल्याड जाऊन उभा राहिला. लॉजच्या गच्चीवर, सोलरच्या पाइपला हात लावून. लांब असल्यामुळं लहान दिसणारा, म्हणून हवालदाराच्या बरोबरीला आलेला. तिचा उंच, खुळा भाऊ.

"न्हाई..." शिफा कशीबशी म्हणाली. "तो तिथं न्हाईच की. लांब हाय. मॅडम, तो लांब हाय!"

"मग पडले असतील मामा तोल जाऊन," मागून सम्राट म्हणाला. "बरं झालं, पोरगा सुटला."

"थांब की, घाई कसली?" बाई वळल्या. "दोन्ही पंजांची खिडकी कर, आणि तिकडच्या टार्गेटकडं बघ. तुझ्या मामांनी पोरांना शिकवलेली हाय ना, तशी."

सम्राटनं हसत हात वर केले. खिडकी आपसूक उजव्या डोळ्यासमोर गेली.

"उजवा हुकमी. म्हंजे नेम उजव्यानं धरणार, पट्टी डाव्यावर. व्हय?"

"व्हय."

"शिफा, हा धावत आला तवा पट्टी कुठल्या डोळ्यावर हुती?"

शिफानं डोळे मिटले. तो उघडा पाय, ती फरशी, आणि कपाळावर ढकलली जाणारी ती पट्टी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"उजव्या," ती म्हणाली. "उजव्या डोळ्यावर. ती माझी पट्टी हुती! माझी जादा पट्टी ह्या खिळ्याला टांगलेली असती."

"अख्ख्या क्लबात उजवा डोळा झाकणारी तू एकटी. मग हा गडी स्वतःचा हुकमी डोळा झाकून कसला नेम धरत हुता? तो लेनमधे न्हवताच. वरनं उतरून कडेनं शेडमधे आला, तू अजून थिजून उभी हुतीस, लेनमधे हुतो असं दाखवायला मागून हाताला लागली ती पट्टी उचलली आणि चढवली."

"भीतीनं हिला काय दिसलं आणि काय न्हाई!" सम्राटचा आवाज चढला. "सख्ख्या भावाला खुनी ठरवलेली पोरगी ही!"

"पट्टी डोळ्यावर हुती, हिनं बघितलंय, हे तूच मला सांगितलंस," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता पायताणाचं. अंगठा तुटायला कुणीतरी पाय धरून वर हिसडायला पायजे. म्हंजे तो माणूस सरांच्या पायाशी हुता, कठड्याआड, म्हणूनच ह्या खिडकीतनं दिसला न्हाई. मी लई विचार केला, माणूस माणसाच्या पायाशी कधी असतो? नमस्काराला वाकतो तवा. न्हाईतर माफी मागतो तवा. कशाची माफी मागत हुतास, सम्राट? काल मी हिची बंदूक जाणत्याकडनं तपासून घेतली. नेम धरायच्या साइटचा स्क्रू कुणीतरी रोज थोडा फिरवत हुतं. 'सरांच्या हाताखाली पोरांचे नेम बिघडतात, माझ्या नव्या क्लबात धाडा' असं पालकांना कोण सांगत फिरत हुतं, तेबी कळलंय मला."

सम्राट भिंतीला टेकला आणि तसाच खाली घसरला.

"पाय धरलं की मी!" तो एकदम लहान पोरासारखा ओरडला. "दोन्ही पाय धरलं. म्हटलं, मामा, एकदा पदरात घ्या. तर म्हणाले, माझ्याकडं नको, त्या पोरीकडं माफी माग. आणि वाकून हिला हाका माराय लागले. 'शिफा, वर ये, तुझा डोळा चांगला हाय' म्हणून. तिनं ऐकलं असतं तर माझं सगळंच संपलं असतं. पाय हातातच हुते माझ्या..."

शिफानं लेनमधे पडलेले कानातले बोळे मुठीत घट्ट आवळले. सरांचं ते उघडलेलं तोंड. तिला हाक मारत होते. तिचा डोळा चांगला आहे, एवढंच सांगायला.

६

कामिल घरी आला तेव्हा दुपार कलली होती. अम्मीनं त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, दोन रट्टे हाणले आणि चहा ठेवायला गेली. शिफा उंबऱ्याशी बसून होती. त्याच्याकडं बघायची तिला लाज वाटत होती.

"भाई," शेवटी ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, तूच."

"कळलं मला. तू घास घेतला न्हाईस तवाच कळलं, की तुला कायतरी दिसलंय." कामिल तिच्याशेजारी टेकला. "मला वाटलं, मी पळालो ते दिसलं. सर खाली पडलेले, आणि मी खाली जायचं सोडून पळालो. त्याचीच लाज वाटत हुती. पळताना चिखलात पडलो, म्हणून तर टी-शर्ट धूत बसलो हुतो."

"मी पोलिसात तुझं नाव सांगितलं."

"म्हणून तर सुटलो की, खुळे!"

अम्मीनं दोघांच्या पुढं चहाचे पेले आणून ठेवले. कामिलनं एक उचलून तिच्यापुढं धरला. तोच हात. नट पिळून पिळून घट्टे पडलेला, नखात काळं तेल. शिफानं दोन्ही डोळ्यांनी नीट बघितलं आणि पेला न धरता मनगटच पकडलं, आणि कपाळ त्याच्यावर टेकलं. चहा सगळा सांडला.

"नेमबाज म्हणं!" अम्मी आतून ओरडली. "वीतभरावरचा पेला धरता येत न्हाई हिला!"

शिफा हसली, आणि मग तिला इतकं रडू आलं की कामिलनं तो हात बराच वेळ सोडवून घेतला नाही. रविवारी चाचणी होती. सरांचं अंगठा तुटलेलं पायताण पोलिसांकडं होतं, पायात राहिलेलं दुसरं क्लबात कुणीतरी पुसून तिच्या लेनजवळ ठेवलं होतं.